फावल्या वेळचा उद्योग : निळीचें पाणी आणि रणगाड्याचा रंग

धोतरास नीळ देण्याची चाल आतां घरोघर मागें पडत चालली आहे. तरी ज्यांनीं आपल्या आईला किंवा आजीला बादलीभर पाण्यांत निळीचे चार थेंब टाकतांना पाहिलें आहे, त्यांना आजचा विषय समजावयास फारसे श्रम पडणार नाहींत. पांढरें वस्त्र पुष्कळ धुण्यांनंतर पिवळट होतें. त्यावर पांढरा रंग कोणी फांशीत नाहीं. अगदीं विरळ असें निळें पाणी करून त्यांतून तें एकदां काढतात, आणि वाळल्यावर वस्त्र निळें न दिसतां शुभ्र दिसतें. निळ्या छटेनें पिवळ्या छटेस मारलेलें असतें, व दोहोंपैकीं एकही डोळ्यास पृथक् दिसत नाहीं. हात जड झाला, किंवा पिळतांना एका कोपऱ्यांत पाणी राहिलें, म्हणजे मात्र डाग उमटतात, आणि तें धोतर नेसून चारचौघांत जावयाचा संकोच वाटतो.

रणगाडे, चिलखती गाड्या वगैरेंच्या लहान प्रतिकृति रंगविणारे लोक ज्याला ‘फिल्टर’ म्हणतात, तो बहुतेक हाच प्रकार आहे. एनॅमल किंवा तैलरंगाचा एक भाग घेऊन त्यांत पंधरा-वीस भाग व्हाइट स्पिरिट घालावयाचें, म्हणजे रंगीत पाणी म्हणावें इतकें तें मिश्रण विरळ होतें. रंगवून पूर्ण वाळलेल्या गाडीच्या सर्वांगावरून तें ओलसर कुंचल्यानें फिरवावयाचें. खालचा रंग झांकला जात नाहीं. त्याची छटा मात्र किंचित् सरकते. करड्या रणगाड्यावर निळसर फिल्टर दिला तर तो थंड दिसूं लागतो, पिवळ्यावर तपकिरी दिला तर उबदार. तीन रंगांचे पट्टे असलेल्या गाडीवरून एकच मातकट फिल्टर फिरविला, तर एकमेकांशीं भांडणारे ते तीन रंग एका कुटुंबांतले वाटूं लागतात. आणि माझ्या मतें या युक्तीचा सर्वांत चांगला उपयोग तेथेंच आहे. ‘वॉश’ म्हणून जो दुसरा प्रकार आहे, त्याच्याशीं याची गल्लत करूं नये. वॉशमध्यें रंग मुद्दाम खांचांत, सांध्यांत व खिळ्यांच्या भोंवतीं उतरूं द्यावयाचा असतो. फिल्टर कोठेंच सांचतां कामा नये. दुकानांत दोहोंच्या बाटल्या शेजारीं शेजारीं असतात, व नवशिक्या मुलांचे पैसे बहुधा येथेंच वायां जातात.

सातारच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या पत्रावरून हा विषय या महिन्यांत घेतला आहे. त्यानें सेंच्युरियन जातीच्या रणगाड्याची पस्तिसास एक या प्रमाणाची प्रतिकृति तीन महिने खपून तयार केली, गडद हिरव्या रंगांत रंगविली, आणि आजोबांसमोर ठेवली. आजोबा १९७१ च्या युद्धांत शकरगडच्या आघाडीवर रणगाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या पथकांत होते. ज्या बसंतरच्या लढाईंत पुण्यास जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनीं १६ डिसेंबर १९७१ रोजीं आपल्या ‘फामागुस्ता’ नांवाच्या सेंच्युरियनमध्यें वीरमरण पत्करिलें, ती याच आघाडीवरील. आजोबांनीं ती लहानशी गाडी पुष्कळ वेळ हातांत धरली, चाकें व साखळ्या मोजल्यासारख्या पाहिल्या, आणि म्हणाले, “गाडी आमचीच आहे रे, पण रंग परका आहे.” त्यापुढें ते कांहीं बोलले नाहींत, व नातवानें विचारलेंही नाहीं.

नातू आतां विचारतो कीं, फिल्टरनें हा परकेपणा जाईल काय? सर्व रंग खरवडून पुन्हां प्रारंभ करण्याचा त्याला धीर होत नाहीं, आणि आजोबांची दृष्टि व प्रकृति पाहतां हें काम लांबणीवर टाकावें असेंही त्याला वाटत नाहीं. मुलगा समंजस दिसतो. त्याला खरें तेंच सांगितलें पाहिजे. फिल्टरनें अर्धें काम होईल. उरलेलें अर्धें फिल्टरकडूनच करून घेऊं गेल्यास झालेलेंही बिघडेल.

याचें कारण प्रकाशाच्या स्वभावांत आहे. विरळ रंगाच्या थरांत प्रकाश शिरतो, तेव्हां त्याचा कांहीं अंश तो थर गिळतो. उरलेला प्रकाश खालच्या रंगावर आपटून परततो आणि बाहेर पडतांना त्याच थरांतून दुसऱ्यांदा जातो. जकातनाक्यावर जातांना एकदां व येतांना एकदां पट्टी द्यावी, तसा हा प्रकार आहे. पारदर्शक थर प्रकाशांतून घेतो, त्यांत भर कांहींच घालीत नाहीं. म्हणून फिल्टर दिलेला पृष्ठभाग मूळच्यापेक्षां थोडा तरी गडद होतोच. निळीचें वस्त्रही वास्तविक किंचित् काळवंडलेलेंच असतें. पिवळेपणा गेल्यामुळें डोळा त्याला शुभ्र म्हणतो, इतकेंच. जाणते लोक म्हणूनच मूळ रंग हवा त्याहून एक पायरी फिका ठेवितात व फिल्टरनें त्याला योग्य जागीं आणतात. कोणी म्हणेल, मग फिल्टरमध्येंच थोडा पांढरा मिसळावा. परंतु पांढरा रंग पारदर्शक नव्हे. तो मिसळला कीं थर प्रकाश गाळीत नाहीं, उधळतो. खालच्या रंगावर धुकें पसरल्यासारखें दिसतें आणि कडांना खडूसारखीं वलयें उरतात. धूळ दाखवावयाची असेल तेव्हां हें धुकें उपयोगी पडतें, पण त्यास फिल्टर म्हणूं नये.

आमच्या दर्शनग्रंथांत स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेविल्यास स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टान्त वारंवार येतो. फिल्टर समजावून देण्यास तो मोठा सोयीचा वाटतो, पण एका ठिकाणीं लंगडा पडतो. फूल उचललें कीं स्फटिक पूर्ववत् होतो. वाळलेला फिल्टर असा उचलतां येत नाहीं. चित्रकलेच्या सहा अंगांत यशोधरानें आपल्या जयमंगला टीकेंत वर्णिकाभंग हें शेवटचें अंग सांगितलें आहे, व रंगांचा परस्परसंयोग जाणणें हा त्याचा विषय. युरोपांतील तैलचित्रकारही वाळलेल्या रंगावर पारदर्शक पुटें चढवून कांति आणण्याची रीत शतकानुशतकें पाळीत आले आहेत. तेव्हां बाटलीवरचें नांव नवें, विद्या जुनी. पस्तिसास एक हें माप मात्र केवळ योगायोगाचें अपत्य आहे. जपानच्या तामिया कंपनीनें आपला पहिला पँथर रणगाडा काढला, तेव्हां पोटांत मोटार व बॅटरी मावावी एवढा तो केला. त्याचें प्रमाण पुढें सर्व जगानें उचललें.

आतां ‘परका रंग’ म्हणजे काय, हा प्रश्न. या छंदांत एक पंथ असा आहे कीं, अमुक सैन्यानें अमुक सालीं अमुक क्रमांकाचा रंग ठरविला होता, तेव्हां तोच शुद्ध आणि बाकीचे सर्व भ्रष्ट. क्रमांकाचा अभ्यास अवश्य करावा. परंतु रंग ठरविणारा कारकून कचेरींत बसतो व रंग लावणारा शिपाई चिखलांत उभा असतो, याचा विसर पडूं देऊं नये. जर्मन सैन्यानें फेब्रुवारी १९४३ पासून गाड्यांचा मूळ करडा रंग सोडून गडद पिवळा स्वीकारला. त्यावर हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे ओढण्यासाठीं रंगाचा घट्ट लगदा डब्यांतून आघाडीवर जाई, आणि तो पातळ करण्याचें काम गाडीवरील शिपायांचें असे. पेट्रोल मिळालें तर पेट्रोल, नाहीं तर पाणी. मग एकाच तुकडींतील एका गाडीवर हिरवा दाट व शेजारचीवर तोच हिरवा पिवळ्यांतून झिरपलेला, असें होणें क्रमप्राप्तच होतें. म्हणजे आपण ज्याला फिल्टर म्हणतों, तसें कांहींसें प्रत्यक्ष गाड्यांवरच नकळत घडलेलें होतें. अमेरिकेचा ‘ऑलिव्ह ड्रॅब’ घ्या. नांव ऑलिव्हचें, घटक पाहिले तर मुख्यतः पिवडी व काळा. त्यांत हिरवा बहुधा नसेच. पिवळ्यांत काळा घातला कीं डोळ्याला हिरवटपणाचा भास होतो. ज्यांना शंका असेल त्यांनीं मुलांच्या रंगपेटींतून दोन्ही रंग घेऊन कागदावर मिसळून पाहावे. असा रंग उन्हांत महिने काढतो, त्यावर तेल सांडतें, धूळ बसते, पाऊस पडतो. त्याचा क्रमांक मग कोणी व कोणत्या दिवशीं सांगावयाचा?

दुसरा एक पंथ अंतराचें शास्त्र सांगतो. महाबळेश्वरच्या एकाद्या टोंकावरून पाहिलें असतां जवळची रांग हिरवी, पुढची निळी व शेवटची राखेसारखी दिसते. तसेंच लहान प्रतिकृति म्हणजे दुरून पाहिलेली गाडी, म्हणून तिच्यावरही हवेची निळी-करडी छटा आली पाहिजे, असें हे लोक म्हणतात. हिशेब करून पाहावा. पस्तिसास एक प्रमाणाची प्रतिकृति दोन फुटांवरून पाहणें म्हणजे खरी गाडी सत्तर फुटांवरून पाहणें. सत्तर फुटांत निरभ्र दिवशीं हवेचा रंग तो किती येणार? आपल्या घरासमोरचें झाड सत्तर फुटांवर असेल; तें निळें दिसत नाहीं. या शास्त्राच्या नांवाखालीं गाड्यांना जी सरसकट निळसर झांक देतात, तिला माझ्या दृष्टीनें फारसा आधार नाहीं. रंग बदलतो तो उन्हानें व मातीनें.

आणि मातीच्या बाबतींत मुलें फार घाई करतात. कोंकणांतला मुलगा तांबड्या जांभ्याची छटा देतो, देशावरचा काळ्या रानाची. कारण अंगणांत तीच दिसते. शकरगडचा मुलूख रावीच्या खोऱ्यांतला. तेथील गाळाची माती फिकी, करडेपणाकडे झुकणारी तपकिरी असते. ‘खाकी’ हा शब्दच मुळीं धुळीचा वाचक आहे, आणि तिकडची धूळ डोळ्यांपुढें आणल्यावर तो शब्द नीट कळतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें आर्मर्ड कोअर सेंटर ॲण्ड स्कूलनें १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें आहे. सातारच्या या मुलानें तें अवश्य पाहावें व मापें, सांधे, अवजारांच्या जागा डोळ्यांत सांठवाव्या. रंगाबाबत मात्र तेथें विश्वास टाकूं नये. संग्रहालयांतील गाडी स्वच्छ करून नव्यानें रंगविलेली असते. ती आठवडाभर शेतांतून धांवलेली नसते.

तेव्हां या प्रकरणांत खरा साक्षीदार घरांतच बसला आहे, आणि त्याला नीट प्रश्न विचारला पाहिजे. “रंग परका” याचे दोन अर्थ संभवतात. हिरवा फार थंड व कोरा वाटतो, हा एक. फार गडद वाटतो, हा दुसरा. पहिला दोष फिल्टरनें जाईल. दुसरा फिल्टरनें वाढेल. त्याला वरच्या पृष्ठभागांवर मूळ हिरव्यांत थोडा पिवळसर मिसळून केलेल्या फिक्या रंगाची अगदीं विरळ फवारणी, व शेवटीं धूळ, हाच उपाय. म्हाताऱ्या माणसाला “छटा थंड आहे कीं गडद?” असें विचारून उपयोग नाहीं. त्याच्यापुढें नमुने ठेवावे. प्लास्टिकच्या चार पट्ट्या घेऊन त्यांना गाडीचाच हिरवा त्याच बाटलींतून द्यावा. एक तशीच ठेवावी. दुसरीवर पिवडीच्या रंगाचा, तिसरीवर रॉ अंबर या तपकिरी रंगाचा, चौथीवर करडा फिल्टर द्यावा; आणि प्रत्येक पट्टीचे तीन भाग करून एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन हात द्यावे. एक दिवस वाळूं द्यावें. ओला फिल्टर पाहून केलेला निर्णय निरुपयोगी असतो, कारण ओलेपणीं प्रत्येक रंग खोल व सुंदर दिसतो.

त्या पट्ट्या आजोबांना सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास ओसरीवर दाखवाव्या, दिव्याखालीं नव्हे. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग हळूहळू पिवळें, पुढें तपकिरी होत जातें. म्हणजे निसर्गानें प्रत्येक वृद्धाच्या डोळ्यांतच एक फिल्टर बसविलेला असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली कीं तो निघून जातो, आणि निळे रंग एकाएकीं उजळ दिसूं लागतात. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांना दोन निराळे हिरवे दिसतात. नातवानें हें आधीं विचारून घ्यावें, व शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यानें पाहावयास सांगावें. पत्रांत ‘दृष्टि’ असा उल्लेख आहे, म्हणून हें सुचविलें. त्यांनीं जी पट्टी उचलली तिच्यावर वाद करूं नये. पुस्तकांतला क्रमांक त्या वेळीं पुस्तकांतच राहूं द्यावा.

प्रत्यक्ष कृतींत पहिलें पथ्य हें कीं, फिल्टरचा द्रव खालच्या रंगाला विरघळविणारा नसावा. गाडी पाण्यांत मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगानें रंगविली असेल तर व्हाइट स्पिरिटमधील फिल्टर तिला बाधत नाहीं. एनॅमलनें रंगविली असेल तर मात्र तोच द्रव खालचा रंग उचलील, व तीन महिन्यांचें काम कुंचल्याबरोबर वर येईल. अशा वेळीं आधीं ॲक्रिलिक रोगणाचा हात देऊन तो एक अहोरात्र वाळूं द्यावा. रोगण चकचकीत नको. गुळगुळीत पृष्ठभागावर फिल्टर अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. अर्धवट निस्तेज पृष्ठभागावर तो सारखा पसरतो.

रंगाच्या तयार बाटल्या मिळतात, पण घरीं करणें स्वस्त पडतें. तैलरंगाच्या नळींतून वाटाण्याएवढा रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून दोन तास ठेवावा; पुठ्ठा तेल शोषून घेतो, आणि मग वाळल्यावर चकाकी उरत नाहीं. तो रंग कांचेच्या वाटींत व्हाइट स्पिरिटमध्यें कालवावा. मिश्रण बरोबर झालें कीं नाहीं हें पाहण्यास पांढऱ्या कागदावर एक रेघ ओढावी. रेघ दिसावी पण तिच्याखालची छापील अक्षरें बिनकष्ट वाचतां यावीं. शंका आली तर आणखी विरळ करावें. एका दाट हाताचें काम तीन विरळ हातांनीं करावें, तीन विरळ हातांचें काम एका दाट हाताकडून होत नाहीं.

कुंचला रुंद व मऊ घ्यावा. तो बुडवून काढल्यावर चिंधीवर टेंकवून इतका कोरडा करावा कीं थेंब पडूं नये. नंतर गाडीचा एक एक भाग घ्यावा, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत. उभ्या बाजूंवर हात वरून खालीं, म्हणजे पावसाच्या ओघळांच्या दिशेनें चालवावा. एकदां फिरविलेल्या जागीं मागें वळूं नये. पृष्ठभाग अर्धवट वाळला असतां पुन्हां कुंचला लागला, म्हणजे तेथें ओल्या भिंतीवर पडते तशी कड पडते. कोठें द्रव सांचलाच तर कोरड्या कुंचल्याच्या टोंकानें लगेच टिपून घ्यावा. मनोऱ्याचा खालचा, सहसा न दिसणारा भाग प्रथम करावा व तेथें हात बसला म्हणजे वर यावें. दोन हातांमध्यें एक दिवसाचें अंतर ठेवावें. गाडी द्रवांत न्हाऊं घालूं नये. सांध्यांतून आंत शिरलेलें व्हाइट स्पिरिट ताण पडलेलें प्लास्टिक ठिसूळ करितें, व एके दिवशीं आंसावरचें चाक आपोआप गळून पडतें.

घरांतील वडील मंडळींसाठीं एवढेंच कीं, हें काम खिडकी उघडी ठेवून, आणि समई, निरांजन किंवा गॅसची शेगडी यांपासून दूर करूं द्यावें. वाफ ज्वालाग्राही असते. तैलरंगाच्या चिंध्या गोळा करून टोपलींत टाकूं नयेत. जवसाचें तेल वाळतांना तापतें, आणि चुरगळलेल्या ढिगांत तो ताप सांचून पेट घेऊं शकतो. त्या पसरून वाळवाव्या. नमुन्याच्या पट्ट्या मात्र टाकून देऊं नयेत. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचें नांव, प्रमाण व हातांची संख्या लिहून ठेवावी. आणि आजोबांनीं पसंत केलेल्या पट्टीवर त्या दिवसाची तारीखही घालावी.